आउटची खोली

१

दर रविवारी दुपारी आमच्या घरी चार घोडे झालेली माणसं लहान पोरांसारखी खेळायची. सांगायला लाज वाटते, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खूळ बारकीचं. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय सव्वीस, पण आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि माझ्या डोक्यात ती तिथेच अडकून बसलीय. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची आणि घरी आली की पाय उशीवर टाकून ते कोरियन लोकांचे खेळांचे कार्यक्रम बघत लोळायची. चांगले मोठमोठे नट, गायक, पण एकमेकांच्या पाठीवरच्या नावाच्या पट्ट्या फाडत धावतायत, कानाला ढणढणीत गाणं लावून एकमेकांवर किंचाळतायत, आणि जो हरला त्याच्या कपाळावर टिचकी. मी म्हणायचे, "यांना घरी कामं नाहीत का गं?" तर म्हणायची, "ताई, हेच त्यांचं काम आहे. तूही खेळ ना असलं काहीतरी. चेहरा जरा सैल होईल."

चेहरा सैल होईल म्हणे! मी कपड्यांच्या अल्टरेशनचं दुकान चालवते. दिवसभर लोकांच्या कमरा सैल करून देते, माझ्या चेहऱ्याचं कोण बघतंय? पण बारकीने हट्ट धरला की माझं काही चालत नसे. एका रविवारी तिने माझ्या दुकानाशेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याला बोलावलं. तो जाडा, हसरा आणि बडबड्या. त्याला आम्ही फोकस म्हणतो, कारण त्याचा स्वतःचा कधीच कशावर नसतो. समोरच्या दारातले सरही आले. ते शाळेत गणित शिकवतात, एकटेच राहतात, आणि जिथे नियम नसतील तिथे त्यांना गुदमरल्यासारखं होतं. पट्ट्या मी शिवून दिल्या. पांढरं जाड कापड, त्यावर काळ्या दोऱ्याने टोपणनाव, मागे वेल्क्रो. सगळ्यांच्या रविवारच्या टी-शर्टांच्या पाठीवर वेल्क्रोची दुसरी बाजू टाचून दिली. खोटं कशाला बोलू, पहिल्याच दिवशी मी पोट दुखेपर्यंत हसले.

२

आमच्या तीन खोल्यांच्या घरात धावायला जागा नाही आणि जरा पाय आपटला की खालच्या काकू झाडूच्या दांड्याने छताला ठोकतात. म्हणून सरांनी आमच्यापुरते वेगळे नियम बसवले, आलेखाच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले आणि फ्रिजवर चिकटवले. धावायचं नाही, चालायचं. तोंडातून आवाज काढायचा नाही. भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं नाही, ती चीटिंग.

आणि चौथा नियम आउटचा. ज्याची पट्टी फाटली त्याने कापडं कापायच्या खोलीत जायचं, स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचं. दाराला बाहेरून कडी. त्याची पट्टी दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायची. त्याने कोणाशी बोलायचं नाही, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. फेरी संपली की ज्याने पट्टी फाडली त्यानेच कडी काढायची, पट्टी परत पाठीला लावायची आणि म्हणायचं, "फेरी संपली, ये." तोवर आउट तो आउट.

"सर, हा खेळ आहे की तुरुंग?" फोकसने विचारलं होतं.

"अर्धवट नियमापेक्षा नियम नसलेला बरा," सर म्हणाले. म्हणजे पूर्ण ठेवा, असं.

बारकी सगळ्यात आधी आउट व्हायची, कारण तिला हसू आवरायचं नाही. आत बसली की कंटाळून बोटं मोडायची, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, दोन्ही हातांची. बंद दारातून दहाच्या दहा आवाज यायचे. मी बाहेरून ओरडायचे, "माझ्या नावाने मोडतेयस का गं?" आणि सर मला गप्प करायचे, आउट माणसाशी बोलायचं नाही म्हणून.

३

त्या रविवारी सकाळी बारकीने मला सांगितलं की तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. भिंगांचा मोठा कारखाना, तपासणीच्या टेबलावर. दोन आठवड्यांनी, एक तारखेच्या सोमवारी हजर व्हायचं. तिने ते इतक्या भरभर सांगितलं की मला कळलं, हे तिने बरेच दिवस पोटात ठेवलंय. मी "बरं" म्हटलं आणि कांदा चिरत राहिले. एकेचाळीस वर्षांची बाई मी, हिच्यासाठी स्वतःचं काही केलं नाही, आणि आता संध्याकाळी घरी येऊन बोलणार कोणाशी, शिवणयंत्राशी? ती वाईट वागत नव्हती, हे मला कळत होतं. म्हणूनच जास्त राग येत होता.

दुपारी खेळ सुरू झाला. पडदे ओढलेले. बारकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी मागून येतेय हे तिला माहीत होतं, मला वाटतं. तरी ती वळली नाही. उलट हळूच म्हणाली, "ताई, चिडलीस का?" मी तिची पट्टी इतक्या जोराने ओढली की तिच्या पिवळ्या टी-शर्टची खांद्याची शिवण उसवली.

"आउट," मी म्हटलं. "जायचंच आहे ना तुला? मग जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. हसली नाही. गुपचूप आत गेली, मी कडी लावली आणि पट्टी खिळ्याला अडकवली.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या काकू दम लागून उभ्या, त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून धो धो पाणी येतंय. आमचाच पाइप फुटलेला. सर मेन कॉक बंद करायला धावले, मी आणि फोकस बादल्या घेऊन खाली. पाऊण तास नुसती धांदल. वर आलो तेव्हा तिघंही चिंब आणि भुकेने कासावीस.

बारकी ताटं मांडत होती.

आम्ही जेवायला बसलो. मधेच ती म्हणाली, "ताई, मी त्यांना नाही म्हणून कळवते. इथेच राहते." मी ताटावरच रडले. फोकसने त्या रडण्याचाही फोटो काढला, मेला. पट्टी, कडी, फेरी, कशाचीच कोणाला आठवण झाली नाही.

४

पुढचा आठवडा कसा गेला म्हणता! बारकी वेळेवर उठायची, अंथरूण घडी करायची. चपला दाराशी जोडीने लावलेल्या. ते कोरियन कार्यक्रम बंद. मी दुकानातून आले की समोर बसून माझं सगळं ऐकून घ्यायची, कोणत्या गिऱ्हाइकाने पॅंटची लांबी तीनदा बदलायला लावली वगैरे. आधीची बारकी दुसऱ्या वाक्याला जांभई द्यायची. मला वाटलं, जबाबदारी कळली पोरीला. दृष्ट लागेल इतकं चांगलं चाललं होतं.

फक्त एक गोष्ट. ती पाठ दाखवत नव्हती.

हे लगेच लक्षात आलं नाही. बुधवारी मी पाणी मागितलं, तर ती माझ्याकडे बघत बघत मागे मागे सरकत स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, गंमत करतेय. मग बघायला लागले तर भांडी घासताना ती ओट्याला कूस लावून उभी राहायची, तोंड दाराकडे. खोलीत शिरली की आधी भिंत गाठायची. झोपायची उताणी, सकाळी उठायचीही उताणीच. मी म्हटलं, "पाठ दुखतेय का गं? तेल चोळून देऊ?"

"नको ताई," ती म्हणाली. गोड हसली. "पाठीला काही झालेलं नाही."

गुरुवारी मी कापडं कापायच्या खोलीत गेले. एक घागरा उसवायचा होता. कडी लावलेली होती, ती काढली. आत कोणी नव्हतं, कोण असणार? स्टूल भिंतीकडे तोंड करून होतं. मी ते टेबलाजवळ ओढलं, काम केलं, दार लावलं. शुक्रवारी गेले तर स्टूल परत भिंतीशी. मी स्वतःलाच समजावलं की सवयीने मीच ठेवलं असेल. माझं डोकं आजकाल ठिकाणावर नसतं, हे तर खरंच आहे.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी चहा पीत होतो. बारकीचे दोन्ही हात कपाभोवती, माझ्यासमोर. आणि बंद खोलीतून आवाज आला. कट्. थोड्या वेळाने कट्. मी मनात मोजले, दहा झाले. समोर बसलेली बारकी कप खाली न ठेवता माझ्याकडे बघत होती.

"लाकूड फुगलं असेल," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "पाइप फुटला ना त्या दिवशी."

५

त्या दुपारी मी फोकसच्या स्टुडिओत गेले. उगाच. पासपोर्टच्या फोटोंचे चौकोन कापत तो गप्पा मारत होता. मी म्हटलं, "त्या रविवारचे फोटो दाखव रे. मी रडतेय ते."

"पुसून टाकायला लावाल."

"नाही लावत, दाखव."

त्याने पडद्यावर लावला. मी ताटावर वाकलेली, तोंड वेडंवाकडं, नाक लाल. सर खिडकीकडे बघतायत, कारण रडणाऱ्या बाईकडे बघणं त्यांच्या नियमात बसत नाही. माझ्या शेजारी बारकी, खुर्चीच्या पाठीला अगदी चिकटून बसलेली. अंगात निळा कुर्ता. आणि तिच्या मागे कापडं कापायच्या खोलीचं दार.

दाराला कडी लावलेली होती. खिळ्याला पट्टी होती. पट्टीवर काळ्या दोऱ्याने, माझ्याच हाताच्या टाक्यांनी, "बारकी".

"हिला खोलीतून कोणी बाहेर काढलं रे?" मी विचारलं.

"तुम्हीच काढलं ना? फाडलीत तुम्ही." तो कात्री थांबवून माझ्याकडे बघायला लागला. "का हो ताई?"

"काही नाही," मी म्हटलं. मनात हिशेब जुळवत होते. समजा आम्ही खाली असताना बारकीने आतून दार हलवलं, कडी ढिली होऊन पडली, ती बाहेर आली, ओला टी-शर्ट बदलला, मग सवयीने कडी परत लावली. सगळं होऊ शकतं. पण तिचा टी-शर्ट ओला नव्हता. ती पाण्यापर्यंत आलीच नव्हती. आणि तो पिवळा टी-शर्ट नंतर मला धुण्यात मिळाला नाही, वाळत घातलेला दिसला नाही, कपाटात नव्हता. उसवलेली शिवण घालायला मी तो दोनदा शोधला होता.

६

दुसऱ्या रविवारी बारकी म्हणाली, पाठीला पट्टी लावायचा खेळ नको, बसून खेळू. सरांनी मग आकड्यांचा खेळ काढला. तोही त्या कार्यक्रमांतलाच. सगळ्यांनी गोल बसायचं. कोणीही पटकन उठून "एक" म्हणायचं, मग दुसऱ्या कोणीतरी "दोन". क्रम ठरलेला नाही. दोघं एकदम उठले तर दोघंही हरले, आणि कोणाशीच टक्कर न होता शेवटी जो उरला तोही हरला. एकमेकांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, कोण उठणार आहे.

आम्ही चौघं जमिनीवर बसलो. बारकीने भिंतीची जागा घेतली. "हं, चीटिंग," सर म्हणाले, पण बसून खेळायचं म्हणून सोडून दिलं आणि गुणांची वही उघडली.

पंख्याचा आवाज. फोकस एकदम उठला, "एक!" त्याला कधीच धीर धरवत नाही. मग सर गुडघे सावरत उठले, "दोन." मी बारकीकडे बघत होते. ती हसत होती आणि हलत नव्हती. मी उठले, "तीन."

उरली बारकी. हरलीच. फोकसने टिचकीसाठी बोट वळवलं सुद्धा.

"चार," आवाज आला.

आवाज बारकीचा होता. हळू, घशात काहीतरी अडकल्यासारखा, आउट असताना चोरून बोलायची तसा. फोकस हसला, "अरे, हरल्यावर कसलं चार! चल, कपाळ पुढे कर." सरांनी वहीतून डोकं वर न काढता लिहिलं, "बारकी, चार, बाद." त्या दोघांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं. मी बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते. आवाज माझ्या डाव्या बाजूने आला होता, बंद दारामागून.

बारकीने कपाळ पुढे केलं, टिचकी खाल्ली. मग माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, सांगणार आहेस का?

मी नाही सांगितलं. "परत खेळू," म्हटलं. इथे मला कोणी विचारलं नाही तरी सांगते, मी घाबरून गप्प बसले नाही. घाबरले होते. पण गप्प बसले ते वेगळ्या कारणाने.

७

सोमवारी सर कोटाचं बटण लावून घ्यायला दुकानात आले.

"सर," मी सुई ओवत विचारलं, "एखाद्या वेळी फेरी संपवायची राहूनच गेली, तर?"

"तर फेरी चालू आहे." त्यांना प्रश्न आवडला होता, लगेच दिसलं. "ज्याने फाडली त्याने पट्टी लावून संपली म्हणेपर्यंत ती चालूच राहणार."

"आणि आत बसलेला माणूस?"

"बसून राहील."

"उठून बाहेर आला तर?"

"प्रामाणिक खेळाडू येणार नाही. बारकी कधी आली का सांगा. ती हसते, गोंधळ घालते, पण नियम मोडत नाही." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. आधी दर रविवारी बारकीच त्यांच्या हातातून ओढून पुसून द्यायची, म्हणायची, सर, तुम्ही भिंगाला काकडीसारखं चोळता. "ताई, बारकी बरी आहे ना? फार शहाणी झालीय. मला शहाणी मुलं बघितली की काळजी वाटते."

"नोकरी नाकारली तिने. म्हणून जरा."

"तुम्हाला तर बरंच झालं," सर म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते चाबकासारखं लागलं आणि मी त्यांचं बटण तिरकं लावलं.

तो अख्खा आठवडा मी त्या दाराजवळून दिवसातून वीस वेळा गेले. आत बोटं मोडल्याचा आवाज रोज येत होता. रोज थोडा कमी होत होता. बुधवारी सात. शुक्रवारी चार. मला फक्त कडी काढायची होती आणि तीन शब्द बोलायचे होते. आणि घरात माझ्यासमोर बसून माझं ऐकणारं कोणीतरी होतं. जे मला सोडून जाणार नव्हतं. मी रोज म्हणायचे, उद्या.

शनिवारी एकच आवाज आला.

८

रविवारी सकाळी मी उठले ते ठरवूनच. दुसऱ्या दिवशी एक तारीख. खिळ्यावरून पट्टी काढली. कडी दोनदा निसटली.

खोलीत पडद्यातून येणारा पिवळट उजेड होता. स्टूल भिंतीशी. स्टुलावर ती बसलेली होती, माझ्याकडे पाठ करून. पिवळा टी-शर्ट, खांद्याची शिवण उसवलेली, मधोमध वेल्क्रोचा खरखरीत उघडा तुकडा. केस तेलकट झालेले. खांदे पडलेले. माझ्या बहिणीची पाठ. तिला नऊ वर्षांची असल्यापासून मी आंघोळ घातलीय, मला ओळखायला वेळ लागेल?

"बारके," मी म्हटलं.

ती वळली नाही. नियम. पण बोलली. "दोन आठवडे लागले, ताई?"

"चुकले गं मी."

"भिंतीतून सगळं ऐकू येतं. तू तिच्याशी किती बोलतेस. माझ्याशी एवढं कधीच नाही बोललीस."

"तू ऐकायचीस कुठे!" हे माझ्या तोंडून गेलंच. माझं तोंड असं आहे.

ती हसली. थकलेलं, पण तिचंच हसू. मला वाटलं आता सगळं ठीक होणार. मी पुढे झाले, पट्टी तिच्या पाठीजवळ नेली.

"लावायच्या आधी ऐक," ती म्हणाली. "मी बाहेर आले की उद्या जाणार. राहणार नाही. रागाने नाही, पण जाणार. नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही म्हणून."

मी लगेच "जा गं" म्हणायला हवं होतं. देवाशपथ, म्हणणारच होते. फक्त एक श्वास थांबले. त्या एका श्वासात मला रिकामं घर दिसलं, एक कप, एक ताट. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "ताई, चहा ठेवू?"

मी मान वळवली. एवढंच केलं. घरात कोणी हाक मारली की माणूस मान वळवतो.

परत बघितलं तर पट्टी माझ्या हातात होती आणि हात हवेत. स्टूल रिकामं. मी त्यावर तळवा ठेवला, ते ऊबदार होतं. "फेरी संपली, ये," मी म्हटलं. दहा-बारा वेळा म्हटलं, भिंतीला, पडद्याला, टेबलाखाली वाकून. मग जमिनीवर बसून राहिले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याशी उभी राहून दूध तापवत होती. पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ करून, अगदी निर्धास्त. मी शिंपीण आहे, मला माणसाच्या आधी शिवण दिसते. तिच्या कुर्त्याच्या मागे शिवण नव्हती. खांद्यावर नाही, बगलेत नाही, गळ्याला नाही. मानेचं कातडं कुठे संपतं आणि कापड कुठे सुरू होतं ते मला सापडेना. मी जास्त वेळ बघितलं नाही.

"साखर किती?" तिने विचारलं.

"नेहमीची," मी म्हटलं.

९

खाटेखालची बारकीची प्रवासाची बॅग नव्हती. हे मला तीन दिवसांनी कळलं. तिची सर्टिफिकेटं, चष्मा पुसायची ती मऊ फडकी, आईचा लहान फोटो, काही नव्हतं. मी कपाटं उपसली तेव्हा ती दारात उभी राहून बघत होती. "काय शोधतेस ताई? मी शोधू?"

गुरुवारी दुपारी, ती अंघोळीला गेल्यावर, मी भिंगांच्या कारखान्याचा नंबर शोधून फोन लावला. एका माणसाने उचलला. मागे यंत्रांची घरघर. मी कसंबसं विचारलं, एक तारखेला एक मुलगी रुजू व्हायची होती, तपासणीच्या टेबलावर, तिचं काय झालं.

"आल्यात की," तो म्हणाला. "सोमवारी सगळ्यांच्या आधी दारात उभ्या होत्या. हुशार आहेत. हसऱ्या पण. तुम्ही कोण?"

"मी तिची ताई." मला केवढा आनंद झाला! जिवंत होती. गेली होती, तर गेली होती, काय बिघडलं? रविवारी रविवारी फोन करेल. चिडलेली असेल, मी तिच्या पाया पडेन. "तिला द्या ना जरा. दोनच मिनिटं."

"देतो, थांबा." त्याने फोन टेबलावर ठेवला. मला पावलं ऐकू आली, मग दूर त्याचा आवाज, मग एका मुलीचा. काय बोलली ते यंत्रांत कळलं नाही, पण आवाज मी ओळखला. ती लवकर बोलली, भरभर, पोटात ठेवलेलं सांगायची तसं. मी कान फोनला दाबून धरला होता. पावलं परत आली. एकाच माणसाची.

"मॅडम," तो ओशाळून म्हणाला, "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. त्या म्हणतात, तुमची बहीण तुमच्याजवळच राहते. घरीच असेल म्हणे."

"अहो, असं कसं..."

"मी तरी काय सांगणार? त्या म्हणाल्या, हाक मारून बघायला सांगा."

फोन बंद झाला. न्हाणीघरातलं पाणीही बंद झालं होतं, कधीपासून, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिथेच उभी होते, फोन छातीशी धरून. मी हाक मारणार नव्हते. तोंड गच्च मिटून घेतलं होतं.

"आले गं, ताई," आतून आवाज आला.